डाव्या पायाला काम नाही

शोरूमच्या माणसानं "सर, सीटबेल्ट लावून घ्या" म्हटलं तेव्हा मी जरा हसलोच. हा मला गाडी शिकवतो, असा भाव चेहऱ्यावर ठेवून मी ती टेस्ट ड्राइव्हची ऑटोमॅटिक गाडी चिखली रोडला काढली. वेग थोडा वाढला, इंजिनाचा आवाज चढला, आणि आयुष्यभराच्या सवयीनं माझा डावा पाय क्लच दाबायला खाली गेला. क्लच तिथे नव्हता. तिथे ब्रेक होता, चांगला पाटासारखा रुंद. क्लच दाबावा तसा, म्हणजे पार मुळापर्यंत, मी तो दाबला.

गाडी भर रस्त्यात म्हशीसारखी बसली. मागच्या सीटवरून बायकोची पर्स उडून डॅशबोर्डवर आपटली. तिच्यातलं चष्म्याचं घर, शाळेच्या कपाटाच्या किल्ल्या आणि अर्धा बिस्किटाचा पुडा माझ्या मांडीवर येऊन पडला. मागचा मोटारसायकलवाला बाजूनं जाताना जे बोलला ते छापण्यासारखं नाही. शोरूमचा माणूस मात्र फार सभ्य निघाला. त्यानं आपला टाय सरळ केला आणि म्हणाला, "सर, यात डाव्या पायाला काम नाही."

तो बिचारा सहज बोलला असेल. मला मात्र नोकरीवरून काढल्यासारखं झालं.

कारण असं की, बुलडाण्यात माझं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे, पण ते पोटापुरतं. जिल्हा मला ओळखतो तो गाड्यांसाठी. जिल्हा म्हणजे माझे आणि बायकोचे नातेवाईक. त्यांच्यात कोणाला जुनी गाडी घ्यायची झाली की मला नेल्याशिवाय बयाणा दिला जात नाही. आमच्याकडे गाडी "पाहायला" जातात, आणि ते अगदी मुलगी पाहायला गेल्यासारखंच असतं. चार माणसं जातात. पोहे होतात. मालक सांगतो की गाडी घरातच वापरली, बाहेर कुठे फिरली नाही. मग मी उठतो, गाडीभोवती एक फेरी मारतो, बॉनेट उघडून इंजिनाला कान देतो, डोळे मिटतो. डोळे मिटल्यानं नेमकं काय कळतं ते मलाही माहीत नाही, पण पोहे खाणाऱ्यांवर त्याचा परिणाम फार होतो. शेवटी "घरी जाऊन कळवतो" म्हणायचं आणि निघायचं. अमडापूरपासून जानेफळपर्यंत मी अशा किती गाड्या नाकारल्या असतील. त्यातल्या काही अजून उत्तम चालतात असं ऐकतो.

एवढा मान असल्यावर माणसाला मतं होतातच. माझी भरपूर आहेत. सगळ्या गाड्या पांढऱ्या का, हे मला कोणी सांगावं. लग्नाच्या मांडवाबाहेर उभ्या असल्या की बगळ्यांचा थवा वाटतो, आणि माणसं किल्लीचं बटन दाबत आपली गाडी कुठून ओरडते ते शोधत फिरतात. आमच्या उन्हात छपराला काचेची खिडकी पाडून घेणारी माणसं बघितली की मला कळवळा येतो. वैशाखात ती खिडकी उघडून काय वाळवणार, कुरड्या? पूर्वी एसी कमी करायचा तर एक बटन फिरवायचं, रस्त्यावरची नजर न काढता. आता त्यासाठी पाटीएवढ्या पडद्यावर तीन ठिकाणी बोट लावावं लागतं, आणि तेवढ्यात समोर बकऱ्या येतात. स्टिअरिंग तर इतकं हलकं करून ठेवलंय की आपण वळवलं का वाऱ्यानं वळलं ते समजत नाही.

पण माझं सगळ्यात मोठं मत ऑटोमॅटिकबद्दल होतं. गाडी चालवणं ही डाव्या पायाची कला आहे, उजवा पाय कोणीही दाबतो, हे मी लग्नाकार्यात, दुकानात आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वारंवार सांगितलेलं. ज्याला गिअर टाकता येत नाही त्यानं एसटीनं जावं, हे माझं वाक्य तर नातेवाइकांत म्हणीसारखं झालं होतं. साळ्यानं ऑटोमॅटिक घेतली तेव्हा त्या गाडीच्या पूजेत, हातात पेढा असताना, मी ते त्याच्या तोंडावर म्हटलं होतं.

असा माणूस स्वतःच्या पायानं, तेही डाव्या, त्या शोरूममध्ये गेला कसा, तर बायकोमुळे.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिचं नाव मुख्याध्यापक पदाच्या पदोन्नतीत आलं होतं. जागा होती मोताळ्याकडच्या एका आडगावात, घाटाखाली. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा, आणि दोन्हींच्या मध्ये राजूरचा घाट. बायको मूळची घाटाखालचीच. पण बुलडाण्याहून त्या गावी वेळेवर पोचेल अशी बस नाही. फाट्यावर उतरायचं आणि पुढे कोणी मोटारसायकलवर बसवेल त्याची वाट पाहायची. मी रोज सोडीन म्हणावं तर सकाळी दुकानावर शेतकरी उभे. म्हणजे तिनं स्वतः गाडी चालवत घाट उतरायचा आणि संध्याकाळी चढायचा, नाहीतर पदोन्नती नाकारायची. एकदा तिनं अशीच नाकारली होती. आता दुसऱ्यांदा नाही म्हटलं की पुन्हा कोणी विचारत नसतं, असं शाळेतल्या बाया सांगत होत्या. होकार की नकार ते कळवायचा दिवस जवळ येत होता, आणि ती घरात त्याबद्दल बोलतच नव्हती. माझी बायको ज्या गोष्टीबद्दल बोलत नाही ती तिला फार हवी असते, एवढं लग्नानंतर मला कळलेलं आहे.

लायसन्स तिच्याकडे होतं. मीच काढायला लावलं होतं, आणि शिकवलंही मीच. आधी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर गिअरबॉक्सची आकृती काढून दिली. मग मैदानावर क्लचच्या प्लेटा एकमेकींना कशा भेटतात यावर बोललो, ते इतकं की अंधार पडला आणि गाडी तिथेच राहिली. शेवटी एकदा भर घाटात, चढावर गाडी थांबवून म्हटलं, आता अर्धा क्लच सोड, अर्धा ॲक्सिलरेटर दे. गाडी मागे सरकली. मागे एसटी होती. एसटीचा भोंगा, माझा आवाज आणि हँडब्रेकची करकर, सगळं एकदम झालं. तिनं शांतपणे किल्ली काढून माझ्या हातात दिली. "अर्धा क्लच, अर्धा ॲक्सिलरेटर," ती म्हणाली. "मंग पूर्ण काय हाय हो हिच्यात?" त्यानंतर लायसन्स कपाटात साड्यांच्या घडीत गेलं.

तर चिखली रोडवर म्हैस उठवून मी गाडी बाजूला घेतली, तेव्हा शोरूमच्या माणसानं अदबीनं विचारलं की रोज चालवणार कोण. मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "मी." ती उतरली, पुढे आली, सीट आपल्या उंचीला लावून घेतली. डावा पाय तिनं एका बाजूला असा ठेवून दिला जशी देवळाबाहेर चप्पल ठेवतात. आणि गाडी निघाली. दचका नाही, हिसका नाही. ती परत शोरूमच्या दारात आणून उभी करेपर्यंत मी मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसलो होतो.

गाडी घेतली. रंग पांढरा. दुसरा रंग हवा असेल तर थांबावं लागेल म्हणाले.

घरच्या ग्रुपवर फोटो गेला तसा साळ्याचा पहिला निरोप आला. त्यात गाडीचं अभिनंदन नव्हतं. नुसतं विचारलं होतं, "दाजी, एसटी बंद झाली का?" त्याखाली हसरे चेहरे किती आले ते मी मोजले नाहीत.

पुढचे काही आठवडे ती बाजार समितीच्या पटांगणात, मग धाडच्या रस्त्याला, मग गावातल्या गर्दीत चालवायला लागली. मी शेजारी बसायचो आणि माझा डावा पाय पायाखालच्या चटईवर क्लच दाबत राहायचा. एक दिवस चटईला तिथेच भोक पडलेलं तिनं मला दाखवलं. पण सपाटीवर चालवणं वेगळं आणि घाट वेगळा. घाट तिनं अजून केला नव्हता, आणि तो आपण केल्याशिवाय होकार द्यायचा नाही असं तिनं मनाशी ठरवलेलं, हे मला दिसत होतं.

नवी गाडी आधी शेगावला न्यायची, हा आमच्या जिल्ह्याचा कायदा आहे. तो कोणी लिहिलेला नाही आणि कोणी मोडत नाही. होकार कळवायच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही निघालो. तिनं सांगितलं की जाताना तुम्ही चालवा, येताना मी चालवीन. जाताना बोथ्याच्या जंगलातून खामगाववरून गेलो. दर्शन झालं, गाडीला हार झाला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक झालं. येताना नांदुऱ्यावरून मोताळ्याला आलो आणि त्या शाळेवर गाडी थांबवली.

शाळा बंद होती. मैदानात लिंबाचं झाड, व्हरांडा स्वच्छ. मुख्याध्यापकांच्या खोलीची कडी तुटलेली, त्यामुळे दार वाऱ्यानं उघडत होतं आणि धाडकन लागत होतं. बायकोनं ते हातानं धरून आत डोकावलं. टेबल, खुर्ची, भिंतीवर नकाशा. ती बराच वेळ तशीच दार धरून उभी होती. सोडलं की पुन्हा धाडकन. "वर्गात पोरं दचकत असतीन," एवढंच म्हणाली आणि गाडीत बसली.

पुढच्या गावात तिचं माहेर. तिथून सासरे गाडीत चढले. त्यांना बुलडाण्याला डोळे दाखवायचे होते असं ते म्हणाले, पण डोळे त्यांनी गेल्याच महिन्यात दाखवले होते. तरुणपणी त्यांची बैलजोडी शंकरपटात पळायची. बैलांच्या शर्यतीत नाव कमावलेला माणूस, त्यांना लेक घाट कशी चढवते ते पाहायचं होतं. मागे ऐसपैस बसून त्यांनी मला विचारलं, "जवाईबुवा, ह्या गाडीत गेर नाई म्हन्ते?" मी म्हटलं, आहेत, पण ते आपोआप पडतात. "मंग तुमाले काऊन आनलं?" ते म्हणाले.

घाट लागला. पहिली वळणं तिनं अशी घेतली की मी बोलण्यासारखं काही शोधत होतो आणि सापडत नव्हतं. आणि मग, ऐन चढावर, समोर गाड्यांची रांग थांबलेली दिसली. वरच्या वळणावर कापसाचा ट्रक अडकला होता. आमच्याकडे कापसाचा ट्रक भरतात तो दोन्ही अंगांनी पोट सुटल्यासारखा भरतात, आणि वळणावर तो एकटाच मावतो. रांग दोन हात सरकायची आणि थांबायची. पुन्हा सरकायची, थांबायची. नवख्या माणसाला रडवणारी हीच जागा. मला ती एसटी आठवली, तो भोंगा आठवला. तिलाही आठवला असणार, कारण स्टिअरिंगवरची तिची बोटं पांढरी पडली होती.

शोरूमच्या माणसानं सांगितलेलं की ही गाडी चढावर मागे सरकत नाही, स्वतःच धरून राहते. पण गाडी स्वतः काही धरते यावर माझा विश्वास कसा बसणार? मी वाढलो तो जीपच्या आणि ट्रकच्या काळात. चढावर गाडी थांबली की क्लीनर खाली उडी मारतो आणि मागच्या चाकाला दगड लावतो, एवढं एकच खरं शास्त्र मला माहीत. मी काही विचार न करता दार उघडलं, कठड्याजवळचा एक चांगला डोक्याएवढा दगड उचलला आणि नव्या गाडीच्या मागच्या चाकाला लावला. लावून, कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. आता सुटायची नाही.

रांग सरकली. गाडी सुटली. म्हणजे पुढे सुटली. मागे तसूभरही न सरकता, माझ्या दगडाला हातही न लावता, ती अलगद पुढे गेली आणि मी तिथेच.

मी दगड उचलून तिच्यामागे पळालो. गाडी थांबली, मी दगड लावला. गाडी निघाली, मी दगड उचलला. दोन-तीनदा असं झाल्यावर मागच्या खिडकीची काच खाली आली आणि सासऱ्यांचं डोकं बाहेर आलं. "जवाई," ते म्हणाले, "पोरगी चालवून राह्यली का तुम्ही ढकलून राह्यले?"

तोवर मागच्या गाड्यांची तारांबळ सुरू झाली होती. क्लच जळाल्याचा तो कडवट वास घाटभर पसरलेला. ज्या वासाला मी आजवर नवशिक्या चालकांचा वास म्हणत आलो, तो एकाहून एक सराईत, मिशीवाल्या, डाव्या पायाच्या कलावंतांच्या गाड्यांतून येत होता. एक उंच, टोलेजंग गाडी, छपराला खिडकी असलेली, हातभर मागे आली आणि चालकानं घाबरून काच खाली केली. "काका, आमच्याही चाकाले लावता का?" त्याच्या मागे मोताळ्याच्या एका कापडवाल्यांची व्हॅन होती, बाया-मुलांनी भरलेली. चालवणारे गृहस्थ हात जोडून म्हणाले, "भाईजान, हमारे पीछे भी रख दो जरा, बच्चे हैं." नाही कसं म्हणणार? मी एक दगड इथे लावला, दुसरा तिथे. रांग हलली की दोन्ही उचलायचे, पुन्हा लावायचे. जिल्ह्याचा गाड्यांमधला जाणकार राजूरच्या घाटात अख्ख्या रांगेचा क्लीनर झाला होता. आणि डाव्या पायाला काम नाही म्हणणाऱ्यानं तेव्हा यायला हवं होतं. माझ्या डाव्या पायाला त्या दिवशी इतकं काम लागलं की गुडघ्यानं पुढचा आठवडाभर आठवण काढली.

दगड लावता लावता मी मान वर करून पाहिलं. वरच्या वळणावर, रांगेच्या बरंच पुढे, ट्रकच्या पोटाशेजारून एक पांढरी गाडी चालली होती. पोलीस नव्हता, पण कोणीतरी हातानं इशारा देत होतं की या, या, बसते गाडी. ट्रक आणि कठडा यांच्यात जेवढी जागा होती तेवढ्यातून, चढावर, थांबत, पुन्हा निघत, ती गाडी गेली. मागे सरकली नाही. आरशाला कापूस लागला नाही. शेकडो पांढऱ्या गाड्यांतून आपली ओळखू येत नाही म्हणणाऱ्या मला, ती आपलीच आहे हे खालून कळलं. आणि मला, भर घाटात एक दगड व्हॅनच्या चाकाला लावून दुसरा हातात घेऊन उभ्या माणसाला, इतका आनंद झाला की मी व्हॅनवाल्यांना म्हणालो, "वो मेरी मिसेस है." ते म्हणाले, "माशाअल्ला. आप का पत्थर सरक रहा है."

चालत वर जाताना माझं एक जुनं मत गळालं आणि एक नवं उगवलं. मत नसलेला मी राहू शकत नाही. गाड्यांच्या कंपन्या जाहिरातीत काय दाखवतात, तर बर्फातून एकटाच जाणारा गॉगलवाला तरुण. आमच्यात तो कोणी पाहिलाय? तशी जाहिरात करायचीच असेल तर त्यांनी कापसाच्या ट्रकामागे थांबलेली एक बाई दाखवावी. पन्नाशीला आलेली, चष्म्याची, शेजारच्या सीटवर डबा आणि मागे म्हातारा बाप. आणि ती घाट चढून जाते एवढंच दाखवावं. क्लच कोणाला हवा असेल त्यानं ठेवावा, माझी हरकत नाही. पण जी गाडी माणसाला हव्या त्या ठिकाणी जाऊ देते ती गाडी, हे मी आता कुठेही, पोहे खाताना, डोळे उघडे ठेवून सांगायला तयार आहे.

माथ्यावर सीताफळांच्या टोपल्या लावून बाया बसतात, तिथे गाडी उभी होती. सासरे बॉनेटला टेकून सीताफळ खात होते आणि बिया लांबवर थुंकत होते. शंकरपट जिंकून आल्यावर बैलाच्या पाठीवर हात ठेवतात तसा त्यांचा दुसरा हात गाडीवर होता. बायको शेजारी उभी, पदर वाऱ्यानं उडत होता, आणि बोटांचा रंग परत आला होता. मी धापा टाकत पोचलो. एक दगड खालीच कोणाच्या तरी चाकामागे राहिला होता, दुसरा अजून माझ्या हातात. काहीतरी मोठं, प्रसंगाला शोभेल असं बोलावं म्हणून मी श्वास गोळा करत होतो. श्वास जमेना, म्हणून निदान हात मोकळा करावा असं वाटून दगड कठड्यापलीकडे फेकायला उचलला.

"अवो, फेकू नका," बायको म्हणाली, आणि डिकी उघडून धरली. "ठेवा इथं. उद्या होकार देऊन येतो, मंग हा शाळेत नेऊ. त्या खोलीच्या दाराले पाह्यजे."